परतीचा चपराशी

जिल्हा समन्वय उपकार्यालय, दिग्रस, येथील बोळ साडेचार फूट रुंद आहे. (आहे, असे नकाशात म्हटले आहे. प्रत्यक्ष मोजमाप पुढे येईल.) बोळाच्या आतल्या टोकाला साहेबांची खोली, बाहेरच्या टोकाला बडेबाबू सदाशिवराव आणि चार टेबले. साहेबांकडून कागद टेबलांवर आणायला श्रावण चपराशी आणि काम झालेले कागद साहेबांकडे परत न्यायला किसनसिंग चपराशी. परत आलेल्यांतले थोडे साहेब जपून ठेवीत, उरलेले मागच्या परसात जाळीत. अशी बारा वर्षे गेली आणि त्यात काही सुधारावे असे कोणाला वाटले नाही.

१९६७ साली काटकसरीचे परिपत्रक आले. एक पद कमी करायचे होते. सदाशिवरावांनी टिप्पणी लिहिली. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुरेख टिप्पणी होती:

'श्रावण येतो तेव्हा कार्यालयाचे काम वाढते. किसनसिंग जातो तेव्हा ते कमी होते. काम कमी करणारे पद ठेवणे कार्यालयाच्या हिताचे नाही.'

किसनसिंग बंजारा तांड्यावरचा. त्याचा आजा बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेला.

"बाबूजी," तो म्हणाला, "आमचे बैल धान घेऊन जात, मीठ घेऊन वापस येत. बैल वापसच नाही आले त दुसऱ्या खेपेचा माल कुठं ठेवान?"

"भिंतीशी," सदाशिवराव म्हणाले.

किसनसिंग पऱ्हाटी पेरायला तांड्यावर गेला. कागद बोळाच्या भिंतीशी राहू लागले. आधी एक थर, मग थरावर थर. वाळवीने माती लावून ते पक्के केले. पहिल्या वर्षी तपासणी अधिकाऱ्याने बोळ तीन फूट मोजला आणि शेरा मारला, 'अभिलेखांची वाढ समाधानकारक.' दुसऱ्या वर्षी दीड फूट. 'अत्यंत समाधानकारक.'

त्याच सुमारास चार पावले भरभर टाकली की सदाशिवरावांच्या छातीत कळ येऊ लागली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासले आणि कागदावर एक नळी काढली.

"कोलेस्टेरॉल म्हणजे विष नव्हे. शरीराला ते लागतेच. यकृत स्वतः तयार करते. पण ते रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या गाठोड्यात बांधून न्यावे लागते. माल पोचवणारी गाठोडी फार झाली, की माल नळीच्या भिंतीत रुततो, थर चढतो. हृदयाला रक्त देणारी नळी अशी बुजत आली, की कळ येते."

"आणि उचलून न्यायला कोणीच नाही?"

"आहेत ना. उरलेला माल यकृताकडे परत नेणारी दुसरी गाठोडी असतात, असे आता म्हणू लागलेत. तुमच्यात ती कमी पडत असावीत."

सदाशिवरावांनी विचारले, "त्यांची पदे कायम की हंगामी?"

"नागपूरला जा," डॉक्टर म्हणाले. "आठवड्याच्या आत. आणि तूप बंद."

परवानगीशिवाय मुख्यालय सोडले तर सेवेत खंड पडतो. सदाशिवरावांनी अर्ज लिहिला आणि श्रावणला हाक मारली.

"साहेबांकडे ने."

"मी फक्त आणतो जी. न्यायची पोस्ट तुमीच काढली."

"अरे, जीव जाऊन राह्यला माझा!"

"त तसं लिहून द्या. पण लिहिलेलं नेईन कोण?"

श्रावण काडीसारखा, तो अंग तिरके करून बोळातून निघे. सदाशिवराव स्वतः गेले ते तिसऱ्या गठ्ठ्यापाशी अडकले. पोटात १९६८ची पीकपाहणी रुतली. पलीकडून साहेब ओरडले, "अर्ज योग्य मार्गाने आला पाहिजे!"

मार्ग दीड फुटाचा होता.

पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी वच्छलाबाई तांड्यावर गेल्या. सहाव्या दिवशी किसनसिंग दोन बैल आणि गोणपाटे घेऊन दारात उभा.

"दुपारपावतर मोकळं करून देतो, बाबूजी."

त्याने पहिला गठ्ठा उपसला. मागचा चुना दिसला. दोन वर्षांत प्रथमच बोळातून वारा आला. सदाशिवरावांना बरे वाटले, आणि बरे वाटताच त्यांनी विचारले,

"कोणाच्या आदेशाने?"

किसनसिंगाने बोळाच्या आतल्या टोकाकडे बोट दाखवले. "आदेश त आत साहेबाजवळ असन ना. रस्ता झाल्याबिगर भेटन कसा?"

"आधी आदेश. मग गठ्ठा."

"अहो, काहून अंत पाह्यता?" वच्छलाबाई म्हणाल्या. "काढू द्या ना त्याले!"

"तू कार्यालयीन बाबीत पडू नको."

किसनसिंगाने गठ्ठा होता तिथे नीट लावला. बैल रिकामेच परतले. त्याच्या घराण्यात हे प्रथमच घडले.

सातव्या दिवशी सकाळी अकराला सदाशिवराव टेबलावर कलंडले ते उठले नाहीत. साडेअकराला श्रावण अंग तिरके करून साहेबांचा कागद घेऊन आला: 'आरडाओरड्यावरून समजले. नागपूरला जाण्यास हरकत नाही.'

या प्रकरणाचा अहवाल सात प्रतींत तयार झाला. मृत्यूचे कारण 'नळी अरुंद' असे नोंदवले आहे. कोणती नळी, हा रकाना नमुन्यात नव्हता. सहा प्रती भिंतीशी लागल्या. बोळ आता सव्वा फूट आहे.

सातवी प्रत आपण वाचत आहात. ती परत नेणारे पद रद्द आहे. वाचून झाल्यावर आपण ती कुठे ठेवणार, हे कार्यालयाला ठाऊक आहे.