रिसबूडबाईंच्या एका नियमाची बखर

श्री. दफ्तराची अधिष्ठात्री प्रसन्न असो. लिहिणाराचे हातून चूक न घडो, घडल्यास एकदांच घडो.

शके एकोणीसशें दहा, चैत्रमासीं, एके राज्यीं यंत्रविद्येची पाठशाळा होती, तेथें अनसूयाबाई रिसबूड, वय वर्षें सव्वीस, संशोधनास दाखल जाहल्या. त्या काळीं राज्याचीं दफ्तरें संगणकांत चढत होतीं, आणि कारकून जैसें वहींत लिहीत तैसेंच यंत्रांत लिहीत, म्हणोन एका माणसाचा रक्तगट सात ठिकाणीं लिहिला जाई. बाईंनीं रक्तपेढीचे दफ्तरांत आपलेंच नांव शोधिलें, तों पांच ठिकाणीं ‘ओ’, एके ठिकाणीं ‘बी’ आणि एके ठिकाणीं रक्तगटाचे जागीं वजन लिहिलेलें निघालें. मग बाईंनीं नियम बांधिला कीं, एक गोष्ट एकेच ठिकाणीं लिहावी, इतरत्र तिचा केवळ क्रमांक ठेवावा, आणि ज्यास गरज पडेल त्यानें क्रमांकाचे मागोमाग मूळ ठिकाणीं जावें. प्रत म्हणोन करूंच नये. त्यांचे गुरु दाजीसाहेब टिळेकर यांनीं प्रबंध वाचिला आणि म्हणाले कीं हें तर माझी बायकोही डब्यांवर चिठ्या लावून करिते, तथापि सही केली.

पुढें नियमाची कीर्ति जाहली, बाईंनीं ग्रंथ लिहिला, आणि त्यांतील नियमाचें वाक्य चाळीस पाठ्यपुस्तकांत जैसेंच्या तैसें उतरलें. मग शके एकोणीसशें तेहतिसांत राज्याची थोरली रक्तपेढी बाईंचे आराखड्यावर उभी राहिली.

बाईंचे सहाध्यायी हमीद मुजावर, पुढें त्याच पाठशाळेंत अध्यापक, यांस हें रुचलें नाहीं. त्यांचें म्हणणें कीं रक्ताची पिशवी एका दफ्तरांत, दाता दुसऱ्यांत, तपासणी तिसऱ्यांत, शीतकपाट चौथ्यांत. एवढे दरवाजे ठोठावीपर्यंत रोग्यानें काय करावें? लागेल त्या उत्तराची एक प्रत हाताशीं ठेवावी. बाईंनीं उत्तर केलें कीं प्रत म्हणजे उद्यांचें खोटें. आणि दोन वर्षें चहाचे वेळीं हाच तंटा चालिला, तों पेढीकडोन तक्रार आली कीं यंत्र उत्तर देण्यास फार वेळ घेतें, आणि दरबारानें हुकूम केला कीं तीन महिन्यांत वेग न आल्यास आराखडा मोडून जुनीं दफ्तरें परत चालू करावीं. म्हणजे पंचवीस वर्षांचें काम पाण्यांत जाण्याचा प्रसंग आला.

मग बाई स्वतां पेढींत गेल्या. तेथें खिडकीवर लीलाताई घोरपडे म्हणोन कारकून होत्या. एक मनुष्य धांवत आला, ओ निगेटिव्ह रक्त मागितलें, आणि लीलाताईंनीं यंत्राकडे न पाहतां भिंतीकडे पाहिलें. तेथें चिकटपट्टीनें एक कागद लाविला होता, त्यावर गटवार पिशव्यांची संख्या पेन्सिलीनें लिहिलेली. त्यांनीं ‘दोन आहेत’ म्हणोन त्यास बसविलें. आंत पाहतां एकही नव्हती. सकाळींच दोन्ही गेल्या होत्या आणि कागद खोडावयाचा राहिला होता. शेजारचे शहरांतोन पिशवी आणविली, तिला दोन घटका लागल्या. रोगी एक बाळंतीण होती, ती वांचली.

अनसूयाबाईंनीं विचारिलें, “हा कागद कोणीं लाविला?”

लीलाताई म्हणाल्या, “मीच. तुमचें यंत्र विचार करीपर्यंत माणूस दारांत उभा असतो हो, मॅडम. तुम्ही कधीं या खिडकीशीं बसलांत का?”

बाई बसल्या. दिवसभर बसल्या. आणि त्यांस समजलें कीं आपण प्रतीस बंदी केली म्हणोन प्रत थांबली नाहीं, ती भिंतीवर गेली, जेथें तिजवर कोणाची नजर नाहीं.

मग त्या मुजावरांचे खोलींत गेल्या आणि म्हणाल्या, “हमीद, प्रत ठेवूं. पण तिचे माथ्यावर मूळ नोंदीचा क्रमांक असेल, आणि मूळ बदलतांच ती आपोआप पुसली जाईल.”

मुजावर म्हणाले, “दोन वर्षें चहा मीच पाजला, आतां तूं पाज.”

उभयतांनीं मिळोन अडीच महिन्यांत काम केलें आणि उत्तर पापणी लवते न लवते तों येऊं लागलें. पुढें सहा महिन्यांनीं बाई पेढींत गेल्या, तों भिंतीवर कागद नव्हता, चिकटपट्टीचे चार डाग मात्र होते. ते बाईंनीं बराच वेळ पाहिले.

मग बाईंनीं आपले ग्रंथाचे नवे आवृत्तींत नियमाचें वाक्य दुरुस्त केलें, आणि मुजावरांनीं चाळीस पाठ्यपुस्तकें मागवून मेजावर रचिलीं. प्रत्येकांत जुनेंच वाक्य होतें.

“एकाही प्रतीवर मूळ क्रमांक नाहीं, बाईसाहेब,” ते म्हणाले.

बाईंनीं पहिलें पुस्तक ओढिलें, प्रकाशकाचा पत्ता पाहिला आणि पत्र लिहावयास घेतलें.

एवंच, नियम एक, दुरुस्ती एक, पत्रें चाळीस. त्यांपैकीं अकरांचें उत्तर आलें.