खुर्चीचं वजन धरत नाहीत

क्रुसाकडची लदीन, म्हणजे आळीची सामुदायिक प्रार्थना, आटोपली, उकडलेले चणे वाटून झाले आणि आग्नेलला बोलायची हुक्की आली. ही हुक्की त्याला चांगल्या वेळी आल्याचं मालवणात कोणाला आठवत नाही.

“विमानात ईडाच्या खुर्चयेचा वजन धरनत नाय,” चार माणसांत छाती पुढे काढून तो म्हणाला. “व्हीलचेअर एकदम फुकट. कितीय जड आसांदे!”

यातलं शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं. विमान कंपनीच्या पत्रात ते कुठेही नव्हतं.

त्याची बायको ईडा तेव्हा घरी कागदपत्रं लावत बसली होती. तीस वर्षं तिने शाळेत भूगोल शिकवला, पोरांना फळ्यावर पोर्तुगाल दाखवलं आणि स्वतः बेळगावापलीकडे गेली नाही. सहा वर्षांपूर्वी पाठीच्या कण्याला मार लागला आणि तिला चाकाच्या खुर्चीत बसावं लागलं. पण ती बसली म्हणजे नुसती बसली, गप्प बसली नाही. निवृत्त होताच तिने ठरवलं, आग्नेलला घेऊन दहा आठवडे लिस्बनला जाऊन राहायचं. पाच महिने शोधून तळमजल्यावरची एक खोली मिळवली, एकही पायरी नसलेली. खुर्चीची लांबी, रुंदी, वजन लिहून विमान कंपनीची मंजुरी आणली. आग्नेलकडे या सगळ्यात एकच काम होतं, गप्प राहायचं.

तोपर्यंत आळीतल्या लोकांचा जीव ईडासाठी नुसता तीळतीळ तुटत होता. “ह्या अवस्थेत कित्याक गो इतक्या लांब? घराकडेच टीव्हीर बघ मां!” असं रोज कोणीतरी मायेने सांगून जायचं. लदीनीच्या दुसऱ्या दिवशी ही माया अचानक आटली. सकाळी सातला शेजारची ग्लेनिशा सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, पुडकं घेऊन दारात हजर.

“टीचर, खुर्ची खंय आसा?”

“मी बसलंय तीच.”

“होय गो, तीच!” ग्लेनिशाने खाली वाकून खुर्चीच्या पोटात डोकावलं. “अगो बाय, हय खाली तर केदी जागा आसा! माझ्या भयणीक लिस्बनाक सोडे धाडूचे आसत. दोनच किलो.”

तिच्यामागून क्रिस्टोफर आला, बिडाचा तवा डोक्यावर धरून. त्याचा भाऊ आठ वर्षं लिस्बनला होता.

“तुझ्या भावाक थय तवो गावना नाय?” ईडाने विचारलं.

“गावता गो, पण त्येच्यार आंबोळी चिकटता. भाव माझो सुकलो!”

भाऊ किती सुकला होता ते त्याच्या फोटोंत दिसायचं. त्याचं पोट फोटोत मावत नसे. पण दुपारपर्यंत आळीतल्या प्रत्येक घराला लिस्बनमधलं कोणी ना कोणी आठवलं. कोकमं, मसाल्याचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि नारळ खवायची एक विळीसुद्धा ओटीवर येऊन पडली. आग्नेल प्रत्येकाला “ठेव, ठेव” म्हणत होता. ‘नाय’ हा शब्द त्याला फक्त बायकोसमोर सुचायचा.

एवढं सामान खुर्चीखाली राहायचं कसं? आग्नेलने डोकं चालवलं, आणि तिथेच घात झाला. ईडा दुपारी पलंगावर लवंडल्याबरोबर त्याने खुर्ची उचलली ती थेट वेल्डिंगवाल्या अजयकडे. अजयचा हात मोठा पक्का. खिडकीची जाळी असो की होडीचा नांगर, त्याने केलेली वस्तू वादळातसुद्धा हलत नाही. त्याने खुर्चीखाली दोन जाड गज आडवे ठोकले आणि दोन्ही बाजूंना लोखंडी टोपल्या जोडल्या.

ईडा जागी झाली तेव्हा पलंगाशेजारी खुर्ची नव्हती.

“आग्नेल! माझे पाय खंय व्हरून ठेवलंस?”

उत्तर म्हणून दारात धाडकन आवाज झाला. टोपल्यांसकट खुर्ची चौकटीत अडकली होती. आग्नेल ती बाहेरून ढकलत होता. मिटून आत घ्यावी म्हटलं तर ती मिटेना, गज आडवे होते ना!

“जरा वायच थांब,” तो पलीकडून म्हणाला. “दार काडतंय.”

“दार कित्याक काडतंस? विमानाचा दारय काडतलंस? शिरा पडो तुझ्या अकलेर!”

पुढचे दोन तास ती पलंगावर अडकून होती. सहा वर्षांत तिला एवढी भीती वाटली नव्हती. चार दिवसांवर विमान, मंजुरी जुन्या मापाची, आणि सांगाडा जर वाकला असेल तर लिस्बन पुन्हा फळ्यावरच. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चौकटीतून ते पाहून आग्नेलची मान खाली गेली ती वर येईना.

अजयने येऊन सगळं कापून काढलं. रंग खरवडला गेला, सांगाडा मात्र वाचला. ईडा खुर्चीत बसली, चार वेळा पुढे-मागे करून बघितलं आणि सरळ आग्नेलच्या बॅगेपाशी गेली.

“लोकांक आता काय सांगू?” आग्नेलने चाचरत विचारलं.

“काय सांगू नको. सगळ्यांक होय म्हटलंस मां? मगे व्हर!” एकेक करून तिने त्याचे शर्ट बाहेर काढले आणि त्या जागी तवा, विळी, सोडे रचले. काटा बरोबर तेवीस किलोवर आणला.

“आणि माझे कपडे?”

“आंगार घाल. आंगावरच्या कपड्यांचा वजन धरनत नाय.”

एप्रिल संपत आला होता. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर आग्नेल गाडीतून उतरला तो चार शर्ट, दोन पँटी, स्वेटर आणि लग्नातला कोट घालून. सोड्यांच्या वासाने रांग आपोआप मोकळी होत होती, तेवढीच काय ती सोय. काउंटरपाशी पोचेपर्यंत त्याचा चेहरा शिजलेल्या कुर्लीसारखा लाल झाला आणि तो सामानाच्या गाडीवर कोसळला.

विमानतळाचा माणूस रिकामी व्हीलचेअर घेऊन धावत आला. समोर खुर्चीत एक बाई, मांडीवर फायली, हातात दोन्ही पासपोर्ट. बाजूला कोटातून घाम गाळणारा एक गृहस्थ.

“मदत नक्की कोणासाठी सांगितली होती?” तो गोंधळला.

“माझ्यासाठी,” ईडा शुद्ध मराठीत म्हणाली. “पण यांना बसवा. सांगून ठेवलेली मदत वाया कशाला घालवायची?”

त्याने आग्नेलला खुर्चीत बसवलं, कोटाची बटणं सोडली आणि ईडापुढे फॉर्म धरला. ‘मदतीची गरज असलेला प्रवासी’ या रकान्यात तिचं नाव छापलेलं होतं आणि त्याखाली ‘सोबतची जबाबदार व्यक्ती’ म्हणून आग्नेलचं. ईडाने त्याच्याकडून पेन मागून घेतलं, दोन्ही नावं खोडली, अदलाबदल करून पुन्हा लिहिली आणि खाली ठसठशीत सही ठोकली.