आधी ओळख, मग नाव

आमच्या मजल्यावरचे भोईर सर गवताला पाणी घालतात. लोक तुळशीला घालतात, मोगऱ्याला घालतात, फारच हौस असली तर नर्सरीतून आणलेल्या त्या महागड्या ऑर्किडला घालतात. सर गवताला घालतात. तेही साधं, रस्त्याकडेचं, म्हशीनं तोंड लावून सोडून दिलेलं गवत. त्याच्या कुंड्या तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, माझ्या दारापासून हातभर अंतरावर रांगेत मांडलेल्या. प्रत्येक कुंडीवर मच्छरदाणीच्या कापडाचा झगा. नवा पाहुणा आला की दचकून विचारतो, "सावंतबाई, ही बाळं कुणाची झोपवलीत इथं?"

आत बाळं नसतात, तुडतुडे असतात. तुडतुडे म्हणजे तिळाएवढे किडे. गवताचा रस पितात आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडी मारतात. सर मूळचे इथलेच, बदलापुरातल्या खरवई गावचे. ज्या जमिनीवर त्यांचे आजोबा भात लावायचे, तिथेच आता आमची बिल्डिंग उभी आहे. वाडवडिलांनी भातावरचे तुडतुडे मारण्यात जन्म घालवला आणि ह्यांनी ते पोसायला घेतले. पण जमीनवाल्याला बोलणार कोण? सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुंड्यांचा विषय निघाला की चेअरमनना एकदम खोकला येतो.

सरांनी सारी नोकरी कल्याणपलीकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात घालवली. रिटायर झाले, पण गळ्यातलं भिंग काही उतरलं नाही. बायका मंगळसूत्र घालतात तसं हे दोरीत ओवलेलं भिंग घालून हिंडतात. मी घरून डबे देते, म्हणून रोज खाली भाजीच्या गाडीवर माझी न् त्यांची गाठ ठरलेली. एकदा भेंडी निवडताना मी सहज म्हटलं, "शी, मावा पडलाय." झालं! भिंग खाली आलं.

"मावा नाही, फुलकिडे आहेत. सावंतबाई, आधी ओळख, मग नाव."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. दुधवाल्याला, वॉचमनला, देवळातल्या भटजींना, सगळ्यांना ऐकवून झालंय. नाक्यावर एका 'भावी नगरसेवका'चा बॅनर लागला होता. तो स्वतः खाली उभा राहून नमस्कार घेत होता. सरांनी आधी बॅनरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे आणि म्हणाले, "पंख फुटलेले दिसतायत, पण जात कळत नाहीये. मागच्या खेपेला दुसऱ्याच झाडावर होतात ना?" तेव्हापासून आमच्या गल्लीतले दिवे गेले की आठ-आठ दिवस येत नाहीत. आम्ही सरांच्या नावानं बोटं मोडतो आणि मेणबत्त्या लावतो.

बरं, ज्ञान द्यायला काळवेळही नाही. त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. आम्ही वीसेक बायका नटूनथटून बसलेल्या. हे आतून आले आणि थेट सुरू झाले, "लक्षात ठेवा, पंखांवर कधी जायचं नाही. पंख फसवतात. एकाच आईची दोन पोरं, एकाचे पंख लांब, दुसऱ्याचे आखूड. लोक म्हणतात दोन जाती. मग खरी ओळख कशावरून? नराचं गुप्तांग! ते भिंगाखाली बघायचं. तेच त्याचं आधार कार्ड."

कुंकवाचा करंडा माझ्या हातातून सुटता सुटता राहिला. आतून सुमनताई ओरडल्या, "अवो, पुरे! तिळगूळ घ्या न् आत जा!"

सुमनताई म्हणजे सरांच्या पत्नी. ह्या माणसाबरोबर जन्म काढलाय बाईनं, म्हणजे बघा. लग्नात सगळ्यांनी सरांना नाव घ्यायचा आग्रह केला. नवरदेवानं एक साधा उखाणा म्हणायचा, बायकोचं नाव गुंफायचं, लोक हसतात, संपलं. पण हे भर मांडवात म्हणाले, "आत्ता कुठे अंतरपाट निघालाय. आधी ओळख, मग नाव." मांडवात हशा झाला. सुमनताईंनी मान खाली घातली ती त्यांना अजून आठवते. पुढे ओळख झाली, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, पण नाव काही घेतलं गेलं नाही. सर त्यांना 'ए' म्हणतात. आमच्याकडे पहाटे पाणी येतं, तेव्हा सगळा मजला त्यांच्या आरोळीनंच उठतो. "ए, पाणी आलं!"

आणि ह्याच माणसानं बायकोचं नाव एका किड्याला दिलं.

त्याचं असं झालं. जांभूळ गावाच्या बाजूला एका ओढ्याकाठी सरांना आखूड पंखांचे थोडे तुडतुडे सापडले. असे आजवर कुणी पाहिलेच नाहीत म्हणाले. नवी जात! लेख लिहिला, छापून आला आणि जातीचं नाव ठेवलं 'सुमनाए'. बाईचं नाव असलं की शास्त्रात शेवटी 'ए' लावतात म्हणे. मी मनात म्हटलं, धन्य आहे! जन्मभर 'ए' म्हणून हाक मारली, शेवटी शास्त्रातही तोच चिकटवला.

सुमनताईंना मात्र आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी ते पान लॅमिनेट करून शोकेसमध्ये सासऱ्यांच्या फोटोशेजारी उभं केलं. भाजीवालीला सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं. पुढे कुंड्यांच्या झग्यांचं कापड घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो, तर तिथल्या सिंधी शेटलाही सांगितलं, "हमारे नाम का कीडा है." शेट गोंधळला. "भाभीजी, हमारे में तो लोग दुकान का नाम रखते हैं." सर तिकडे कापडाची भोकं भिंगातून तपासत होते. शेट त्यांना म्हणाला, "साब, मच्छर की गॅरंटी है, कीडे की नहीं."

मग दक्षिणेतल्या कुणा तज्ज्ञाचा सरांना फोन आला. ही नवी जात वगैरे काही नाही, नेहमीच्याच एका जातीतले आखूड पंखांचे किडे दिसतायत, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. सरांनी तितक्या नम्रपणे फोन ठेवला नाही. "पाळून दाखवतो! पिढ्यान्‌पिढ्या आखूडच निघतील!" असं म्हणून त्यांनी त्याच ओढ्यावरून किडे आणले, आणि कुंड्या आल्या, झगे आले, आमच्या पॅसेजचं कुरण झालं.

पोरं खरंच आखूड पंखांचीच निघत राहिली. निघणारच! सकाळ-संध्याकाळ पाणी, कोवळं गवत, प्रशस्त जागा. बसल्या जागी गिळायला मिळालं तर पंख फुटतील कशाला? आमच्या बिल्डिंगमध्ये अशी तीन-चार तरुण मुलं आहेत, नावं घेत नाही.

तेवढ्यात जांभूळला पाण्याची मोठी लाइन फुटली. बदलापूर कोरडं ठणठणीत. टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बाकी. अशा दिवसांत सर माझ्या दारात तांब्या घेऊन उभे.

"सावंतबाई, जरा पाणी मिळेल?"

"प्यायला?"

"गवताला."

"सर, माझा कुकर लागायचाय अजून! आज गवताला पाणी मागताय, उद्या डासांना दूध मागाल!" मी दार लावून घेतलं. सुमनताईंनीही घरातून निक्षून सांगितलं, माणसांचं झाल्याशिवाय गवताला थेंब नाही. गवत पिवळं पडलं. सगळे किडे उरलेल्या दोन-चार हिरव्या काड्यांवर दाटीवाटीनं लटकले.

पाणी परत आलं, त्यानंतर एके दुपारी मी डबे देऊन वर येते तर सर जिन्याच्या पायरीवर बसलेले. हातात भिंग. चेहरा असा की मला वाटलं, नाशिकहून काही वाईट बातमी आली.

"काय झालं सर?"

"लांब निघाले," ते म्हणाले. "पंख. गवत सुकलं, गर्दी झाली. इथं राहण्यात अर्थ नाही हे आईबापांनी ओळखलं, आणि पोरांना लांब पंख फुटले. नर तपासले मी. कर्जतपर्यंत कुठल्याही बांधावर मिळते ती साधी जात आहे ही. लेख लिहिला तेव्हा माझ्याकडे नर एकच होता, तोही चिमट्यात चेचलेला. सगळ्यांना सांगत फिरलो पंखांवर जाऊ नका, आणि मीच गेलो. ओळख पटायच्या आधी नाव देऊन बसलो."

खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं माझी भेंडी तपासली होती ह्या माणसानं! पण ते पुढे म्हणाले, "हिला काय सांगू?" आणि माझं हसू जागीच विरलं. कारण शोकेसमधलं ते पान सुमनताई रोज पदरानं पुसतात, ते मी बघत होते.

"सांगताय कशाला?" मी म्हटलं. "झगा उघडा, जाऊ दे उडून. पंख आहेतच. कुणाला कळतंय?"

सर भिंगाची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. माझी एवढी मोठी चूक त्यांनी सुधारली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी मी वाटी परत करायला त्यांच्याकडे गेले. वाटीचं निमित्त. ऐकायचं होतं, दुसरं काय! सर उभ्यानंच बोलत होते.

"ए, तुझा किडा गेला."

"मेला?"

"मेला नाही. तो तुझा नव्हताच." मग त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "तो फोनवाला नुसती शंका काढून गप्प बसलाय. मी छापलं नाही तर कुणाला कळणार नाही. छापलं, तर तुझं नाव जाईल."

सुमनताई शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. "तुम्हाला कळलंय ना? मग नाही छापलंत तर जन्मभर कुशी बदलत राहाल न् माझी झोप घालवाल. छापून टाका." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझं नाव आता दुसऱ्या कुणाला देणार?"

"छे! तसा नियम आहे." सरांच्या आवाजात जीव आला. "एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही. खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात का होईना, ते राहतंच. आणि ह्या किड्यांच्या घराण्यात ते पुन्हा कुणालाच देता येत नाही. मला नाही, मी गेल्यावर कुणाला नाही. ते तुझंच."

"मग काय बिघडलं?" सुमनताई म्हणाल्या. "लग्नापासून मी तुमच्या नावाच्या खाली बारीक अक्षरातच आहे की."

सर भिंग पुसायला लागले. चांगलं स्वच्छ होतं, तरी पुसत राहिले. मी वाटी ठेवली आणि मुकाट घरी आले. 

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पोळ्या लाटत होते. नळाची घरघर झाली. आता 'ए' येणार म्हणून मी कान दिला.

"सुमन, पाणी आलं."

माझं लाटणं थांबलं.  मी दाराबाहेर डोकावले. समोर त्यांचं दार उघडंच होतं. सुमनताई ओट्याशी उभ्या, रिकाम्या हातानं, तोंडाला पदर लावून. टंचाईत थेंबाथेंबासाठी टँकरवाल्याशी भांडलेली ही बाई. मोरीतली बादली भरून पाणी वाहू लागलं, तरी जागची हलली नाही, की ओ दिली नाही.

"सुमन! अगं सुमन, बादली वाहतेय!"

"आले, आले," त्या म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.