हुल्डाबाईंनी नवऱ्याची खुर्ची काबीज केली ती हकीकत

अमेरिकेच्या गवताळ मुलुखी, सन एकोणीसशे तेवीसचे हिवाळी, विधानसभेच्या दरबारी जे तुंबळ रण माजले, त्याचे वर्तमान या सभेचे मीठ खाल्लेल्या कारकुनाने कोणाची भीड न धरिता लिहिले, ते ऐसे.

नदीपारचे सभासद ॲक्सेल एंगस्ट्रॉम गोठल्या नदीवरोन गाडी हाकीत घरास येत असता बर्फ फुटोन घोड्यांसहित बुडाले. मग पक्षाच्या मुत्सद्द्यांनी मसलत केली की, काळ्या झग्यातील विधवा मते बहुत आणील आणि सांगितल्याबरहुकूम हात वर करील, आणि मग ॲक्सेलच्या जागी त्यांची बायको हुल्डाबाई यांस निवडोन आणिले. बाईंनी शपथ घेताच नदीवरील पुलाचा ठराव दाखल केला. मुत्सद्द्यांचे धाबे दणाणले.

मग सभापती वेंडेल प्राउटी, ज्यांच्या मिशा तेवढ्या पराक्रमी आणि बाकी सर्व बेताचेच, त्यांनी फर्मान काढिले की, दिवंगतांच्या खुर्चीवरील काळे वस्त्र अधिवेशन सरेतो उतरू नये, आणि मत तर आपल्या खुर्चीवरोनच द्यावे, सबब बाईंनी प्रेक्षकांच्या सज्जात बसावे. समस्त वीरांनी डोळ्यांस रुमाल लाविले. हयातीत ॲक्सेलने तोंड उघडिले की हेच वीर कॉफी प्यावयास उठोन जात. मेल्यावर एवढा उमाळा! आग लागो त्या रुमालांस.

ठराव मतास आला तो दोन्ही बाजू समसमान, म्हणजे पूल बुडालाच. तेव्हा हुल्डाबाई जिना उतरोन दालनी शिरल्या आणि खुर्चीपाशी उभ्या ठाकल्या.

“बाई, वर जाऊन बसा बघू,” सभापती म्हणाले. “आम्ही त्यांचा शोक पाळतोय.”

“पाळा की! मला बाई जमलं नाही. गाईंच्या धारा कोण काढणार होतं, तुम्ही?”

“सभेची रीत आहे ही.”

“असेल. पण त्याला पूल हवा होता, प्राउटीसाहेब, कापड नको होतं. दर हिवाळ्यात तुमच्या दारात यायचा, आणि तुम्ही म्हणायचात, ‘पुढच्या वर्षी बघू.’”

ऐसे बोलोन बाईंनी वस्त्र ओढिले, चौघडी घातली, आणि खुर्ची खोलगट म्हणोन तेच बुडाखाली घेवोन बसल्या. सभापतींनी हातोडा ऐसा आपटिला की त्याचे डोके उडोन पिकदाणीत पडले. बाईंस उठवावे ऐसा हुकूम सुटला, परंतु सज्जात नदीपारच्या मतदार शेतकरणी दाटीने बसलेल्या पाहोन एकही वीर जागचा हलेना. मग बाईंनी हात वर केला आणि एका मताने पूल मंजूर जाहला.

पुढे पूल बांधोन तयार होता प्राउटीसाहेबांनी बाजा लावोन फीत कापिली आणि आपण आरंभापासोन पुलाचेच, ऐसे दीर्घ भाषण केले. त्या निलाजरेपणास तोड नाही. बाई मात्र भाषण टाकोन एकल्याच पुलावरोन चालत गेल्या, मध्यावर थांबल्या, आणि खाली पाहोन म्हणाल्या, “एवढंसं तर अंतर होतं रे, ॲक्सेल.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आमच्या पक्षी माणूस एकच पडला, आणि तो मोहिमेआधीच.