गेरिट डूर्नबॉसचं एकमेव पाप

परमेश्वराने माणसाच्या हाती दिलेला सर्वांत गंभीर अधिकार म्हणजे मताधिकार. म्हणूनच आमच्या काउंटीत तो रिकाम्या पोटी कुणी बजावत नाही. पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक आली, की उमेदवारांना चर्चच्या तळघरात जेवायला बोलावतात, आणि बटाट्याचं कॅसरोल (चीज घालून भट्टीत भाजलेले बटाटे) संपेपर्यंत निकाल बहुतेक लागलेला असतो. (नोव्हेंबरात पुन्हा मतदान होतं. पण आयोवाच्या या कोपऱ्यात दुसऱ्या पक्षाचा माणूस एकच, आणि तो दंतवैद्य असल्यामुळे आम्ही त्याला दुखवत नाही.)

या खेपेला जागा होती काउंटीच्या मंडळाची. मंडळाचं काम रस्ते आणि बर्फ. गेरिट डूर्नबॉस काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतो. गाडी त्याच्याहून थकलेली. नवी मागून मागून तो कंटाळला, आणि मंडळावर बसल्याशिवाय ती येत नाही, हे कळल्यावर उभा राहिला. समोर ब्रॅड स्टोकली. हा बर्फात फारसा गेलेला नाही, पण पापात बराच आत जाऊन आलेला.

धर्म, कुटुंब आणि मक्याचा भाव या तिन्ही प्रश्नांवर दोघांची मतं तंतोतंत जुळत होती. अशा वेळी उमेदवाराला रस्त्यांबद्दल विचारणं म्हणजे उथळपणा. आम्ही त्याची पापातून सुटल्याची साक्ष ऐकतो. प्रभूने याला कुठून उचललं, ते बघतो.

ब्रॅडला फार खालून उचललं होतं. दारू, पत्ते, दोन बायका. (दोघी एकाच वेळी, असा आमचा समज झाला; त्याने तो मोडला नाही.) ऐकणाऱ्या बायका रडल्या. पुरुषांनी आणखी कॅसरोल घेतलं.

मग चर्चच्या वडीलमंडळाचे प्रमुख वर्लिन म्हणाले, "ब्रदर गेरिट, तुला प्रभूने कुठून उचललं?"

"उचललं?" गेरिट म्हणाला. "मी इथंच होतो. खिडकीजवळच्या बाकावर."

"तसं नव्हे. तरुणपणी काही?"

"तरुणपणी गायी होत्या."

लोक चुळबुळू लागले. माणूस इतका स्वच्छ असला, की त्याच्यावर कृपा तरी कुठे करायची? बायको आर्डिथने त्याला कोपराने ढोसलं. "अरे, काहीतरी सांग!"

"काय सांगू? माझे दोष तुलाच पाठ आहेत."

"घोरणं चालत नाही इथं!"

गेरिटने बराच विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "एकदा रविवारी अंगणातलं गवत कापलं होतं. पाऊस येणार होता ना."

काटे-चमचे थांबले.

"प्रभूच्या दिवशी काम?" वर्लिन म्हणाले. "यंत्र लावून?"

"हाताने कोण कापतं?"

"मी ऐकला होता तो आवाज!" मागून विधवा योहाना ओरडली. "मला वाटलं, पलीकडच्या चर्चचे मेथडिस्ट असतील!"

इथे आमची विवेकबुद्धी परदेशी वाचकाला समजावी म्हणून सांगतो. दारू आणि पत्ते ही पापं ब्रॅडने दूर डेन्व्हरला केली होती. ती क्षमेला सोयीची. गवत मात्र आमच्याच गल्लीत कापलं गेलं. ब्रॅडला एक्याऐंशी टक्के मतं पडली. (उरलेले एकोणीस टक्के रविवारी काय करतात, याची चौकशी चालू आहे.)

जानेवारीत एका शनिवारी रात्रभर बर्फ पडला. सकाळी चर्चचं दार दिसेना. ब्रॅड ऍरिझोनात होता; साक्षीला तिकडेही मागणी आहे. वर्लिननी गेरिटला फोन लावला. "ब्रदर, आवार मोकळं करतोस ना? नेहमीसारखं?" (रविवारचं हे काम आम्ही कधी काम म्हणून धरलं नव्हतं, कारण ते आमच्यासाठी असायचं.)

"आज रविवार आहे, ब्रदर वर्लिन," गेरिट म्हणाला.

आवाजात राग अजिबात नव्हता. पश्चात्ताप भरपूर होता.

आपण हसत असाल. हसा. आपल्या तिकडे उमेदवाराचं नुसतं काम बघून मत देतात, असं मी ऐकून आहे. म्हणजे आपले रस्ते तर गुळगुळीत असणार, निघालात की पोचलात. तेवढं येताना एक फावडं आणा. माझं गाडीत आहे, आणि गाडी बर्फाखाली कुठे आहे ते कळत नाही.