नव्या पंपाचा जुना खोकला

गाड्या धुण्याच्या त्या केंद्राच्या किल्ल्या शेवटी एका मेलेल्या माणसाला मिळाल्या.

पण ते सोडा. ती वेळ यायला अजून अवकाश आहे. आपण आपलं पंपापासून सुरू करू.

तर, जावई पंप बदलणार होता. केंद्रात त्याला सगळे 'जावई'च म्हणत, कारण केंद्र सासऱ्यांचं होतं आणि त्याची दुसरी कुठली पात्रता अजून उजेडात आली नव्हती.

"दोन तासांचं काम आहे, बाबा! चार बोल्ट, दोन पाइप, संपलं! पंप म्हणजे मशीनचं हृदय, पण बदलायला एकदम सोपं!"

"याआधी किती हृदयं बदललीत, जावईबापू?" सासऱ्यांनी विचारलं.

जावयानं हा प्रश्न मोठ्या मनानं माफ केला. चार वाजता डेअरीच्या तपासणी बाई येणार होत्या. दुधाचे टँकर गरम पाण्यानं धुवायला इथं पाठवायचे की नाही, ते त्या ठरवणार. त्यांनी होकार दिला तर केंद्र जावयाच्या ताब्यात. नाहीतर मेहुण्याच्या, आणि मेहुणा नळ कुठल्या बाजूला पिळायचा हेसुद्धा चारचौघांना विचारून ठरवी.

गरम पाण्याचं ते मशीन जवळजवळ दोन महिने बंद होतं. बावीस वर्षं ते वाफमामांनी चालवलं. दिवसभर ते वाफेतच असत. आधी वाफेतून खोकला बाहेर यायचा, मग मामा. दोन महिन्यांपूर्वी ते घरी झोपेतच गेले, आणि आठव्या दिवशी पंपानं मान टाकली.

"जोडीनं गेले," मावशी म्हणाल्या होत्या. मावशी केंद्रात गाड्या पुसत. आश्चर्य नावाची वस्तू त्या घरी कुलपात ठेवून कामावर येत.

नवा पंप जुन्याच्या दीडपट ताकदीचा होता. सोबत एक पुस्तिकाही आली होती. जावयानं ती हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल हलायचं थांबलं. म्हणजे पुस्तिका उपयोगी होती, याबद्दल वाद नाही. पाइपाच्या जोडात बसवायला रबराची नवी चकतीही होती, पण जुनी चकती त्याला 'अजून धडधाकट' वाटली.

एक वाजता मशीन सुरू झालं. गनचा खटका दाबला की गरम पाण्याचा फवारा, सोडला की सगळं चिडीचूप!

"पाहिलंत? स्वतःहून थांबतं! शहाणं आहे!"

"मग तुमचं कसं जमणार त्याच्याशी," म्हणून सासरे जेवायला गेले.

शेडमध्ये जावई एकटा उरला. बाहेर आभाळ राखेच्या रंगाचं, आत पत्र्याखाली दुपारीच तिन्हीसांज झालेली. कुठंतरी पाणी ठिबकत होतं. टप्प. टप्प. जावई खुर्चीत रेलून केंद्राच्या पाटीवर स्वतःचं नाव कुठल्या रंगात शोभेल याचा विचार करत होता.

घर्रर्र... खक्!

मशीन सुरू झालं. दोन सेकंद चाललं. थांबलं.

जावयानं गनकडे पाहिलं. गन भिंतीवर टांगलेली होती. खटक्याला कुणी हात लावला नव्हता. हात लावायला कुणी नव्हतंच!

"कोण आहे?"

टप्प. टप्प.

सात मिनिटांनी पुन्हा. घर्रर्र... खक्! या वेळी जमिनीवरचा पाइप मधेच फुगला, शहारला आणि सैल पडला. झोपेत कुणी कूस बदलावी तसा. हा खोकला जावयाच्या ओळखीचा होता.

"मावशी!!"

मावशी फडकं पिळत आल्या. तिसऱ्यांदा खक् झालं. मावशींनी मान वाकडी करून ऐकलं.

"वाफमामांचाच," त्या म्हणाल्या. "पण सुधारलाय. आधी कफ होता."

"अहो, ते गेलेत ना?"

"मी कुठं नाही म्हणते? खोकला सुधारलाय, एवढंच म्हटलं." आणि त्या टायर पुसायला निघून गेल्या.

दर खोकल्याला पाणी तापवणारा बर्नर पेटत होता, आणि तोवर शेडमध्ये पांढुरकी वाफ साचू लागली होती. ऑफिसच्या केबिनची काच घाम फुटल्यासारखी पांढरी झाली. आणि त्या काचेवर, जावयाच्या डोळ्यांदेखत, बोटानं लिहिलेली अक्षरं हळूहळू उमटू लागली. ओळखीची, उजवीकडं झुकलेली अक्षरं.

आधी पाणी. मग आग.

वाफ वाढली. खाली दुसरी ओळ आली.

घाई करणाऱ्यानं लांब उभं राहावं.

जावई लांब उभा राहिला. इतका लांब, की पाठीला भिंत लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखादी लेखी सूचना तंतोतंत पाळली होती! घड्याळात साडेतीन. मशीन खोकलं.

"मामा," तो चिरक्या आवाजात म्हणाला, "पंप बदलल्याचा राग आलाय का? जुना परत लावतो! आत्ता लावतो! तुम्ही फक्त बसून राहा!"

मग जरा वेळानं, "म्हणजे, इथं नसलात तरी चालेल!"

पाना घेऊन तो पाइपाच्या जोडाशी गेला आणि नट ढिला केला. आत पाणी दाबून बसलंय, ते आधी खटका दाबून सोडायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. फस्स्स्! पाण्यानं त्याला छातीत धरून मागं ढकललं. मधल्या वेळात पाइपातलं पाणी निवून कोमट झालं होतं म्हणून कातडी वाचली. अब्रू नाही. बर्नर हुंकारला, वाफेचा लोट उठला, आणि काचेवर तिसरी ओळ उजळली.

गळतंय कुठं ते बघ. मला बोलवू नको.

"नाही बोलवत, मामा!" जावयानं ओल्या फरशीवर गुडघे टेकले आणि मशीनला हात जोडले. "शपथ घेतो! तुम्हीही येऊ नका!"

"जावईबापू," मागून सासऱ्यांचा आवाज आला, "बाई आल्यात."

तपासणी बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आधी मशीन बंद केलं आणि मग बोलल्या.

"या पंपाला आपोआप चालू होणारा स्विच आहे. कुठं थेंबभर गळलं तरी आतला दाब उतरतो आणि तो भरायला मशीन सुरू होतं. आमच्या डेअरीत हाच पंप आहे. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. पुस्तिका कुठाय?"

"टेबलाखाली," जावई म्हणाला.

"आणि काचेवरचं?" सासऱ्यांचा आवाजही जरा बारीक झाला होता.

"ते होय? मामा साबणात बोट बुडवून लिहायचे," मावशी म्हणाल्या. "सुकलं की दिसत नाही, वाफ धरली की दिसतं. काच पुसायची नाही, अशी ताकीद होती मला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे!"

बाई काचेसमोर गेल्या. तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

"इतक्या नेमक्या सूचना मी कुठल्याच केंद्रात पाहिल्या नाहीत. त्या गळक्या जोडातली चकती बदला आणि समजा, टँकर तुमचे. प्रभारी म्हणून हे लिहिणाऱ्यालाच नेमा. नाव?"

"वाफमामा," मावशींनी सांगितलं. बाईंनी ते फॉर्मवर शाईनं लिहिलं आणि शिक्का मारला.

"पण ते वारलेत!" जावई ओरडला.

बाई थबकल्या. फॉर्म उलटसुलट पाहिला. "यात वारल्याचा रकाना नाही," त्या म्हणाल्या. "नाव बदलता येईल. पण ज्यांचं आहे त्यांचा लेखी राजीनामा लागेल."

"टँकर मात्र सोमवारपासून येतील ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"येतील की."

"मग माझी काही हरकत नाही." सासऱ्यांनी किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला टांगला आणि वर चिठ्ठी डकवली: फक्त प्रभारींसाठी.

त्या संध्याकाळी जावयानं अर्ज लिहिला. मावशींनी तो मशीनवर चिकटवून दिला.

प्रति,
मा. वाफमामा, प्रभारी (दिवंगत)

विषय: पदाचा राजीनामा मिळणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते, की आपण आपल्या पदाचा राजीनामा सोमवारी सकाळी अकराच्या आत, स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत सादर करावा. काचेवरील राजीनामा ग्राह्य धरला जाणार नाही. सही समक्ष करणे बंधनकारक आहे. तथापि अर्जदार त्या वेळी शेडच्या बाहेर उभा राहील, याची कृपया नोंद घ्यावी व सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
जावई (मदतनीस)