गाडीखालचा दुखवटा

वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झोपायचं नाही, असं कुठं म्हणाले होते? आणि मोटार दुरुस्तीतलं निम्मं काम तर झोपूनच होतं! हा मुद्दा सुचला तेव्हा मी स्वतःवरच इतकी खूश झाले, की त्या भरात गाडीखाली कधी सरकले ते मलाच कळलं नाही.

गाडी बाबांची. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना आमचा पाडा लागतो. तिथल्या अंगणात बाबांनी सिमेंटचे दोन उतार बांधले होते. दर रविवारी गाडी त्यांवर चढवायची, खाली पोतं पसरायचं आणि आत शिरायचं. तेरा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी पडून पाने-पक्कड हातात देणारी मी. पुढं कॉलेजात ग्रंथपाल झाले, तरी रविवारी नखं काळी. दोन वर्षांपूर्वी ग्रंथालयाच्या शिडीवरून पडले, मणका सरकला आणि सगळं थांबलं. या चैत्रात बाबा गेले. गाडी त्यांनी चढवून ठेवली होती तशीच उभी राहिली.

धाकटा भाऊ तुळशीदास ठाण्याला असतो. गाडी भंगारात द्यायची, असं त्याचं म्हणणं. ती चालवणार कोण, आणि माझी पाठ पुन्हा गेली तर बघणार कोण? खूप वाद झाल्यावर एक तह ठरला. रविवारी दुपारी तो विक्रमगडच्या भावेश भंगारवाल्याला घेऊन येईल. तोवर मी माझ्या हातानं ऑइल बदललेलं असावं आणि पाठीनं हूं की चूं केलेलं नसावं. मग गाडी माझी. नाहीतर भावेशची.

आदल्या दिवशी जीपवाल्या कमलेशनं बॅटरी चार्ज करून बसवून दिली. रविवारी सकाळी दहाला मी आत. बोल्ट उघडला, काळंकुट्ट ऑइल घमेल्यात सोडलं, बोल्ट परत आवळला. हात विसरले नव्हते! आता बाहेर यायचं, नवं ऑइल वरून ओतायचं, की संपलं. पुसायचं फडकं घ्यायला मी डावीकडं वळले आणि पाठीत जे काही झालं, त्याचं वर्णन मी एवढी पुस्तकं वाचली तरी कुठं वाचलेलं नाही. वाळत घातलेल्या बोंबलासारखी ताठ झाले. हलायची सोय नाही. ओरडले असते, पण ओरडले तर गाडी गेली.

तेवढ्यात शेजारची रामीमावशी चाळण मागायला आली. तिला दिसले फक्त माझे पाय. काय करतेस म्हणून तिनं विचारलं. मी दात दाबून म्हटलं, ‘‘काही नाही. पडलेय जरा.’’

आवाज चिरका निघाला. मावशी माझ्या पायांशी वाकली. मग हळूच म्हणाली, ‘‘पडून राह बाय. तेराव्यालाबी तू रडली नव्हतीस.’’ आणि गेली.

दहा मिनिटांत ती नवऱ्याला, ढवळूकाकांना, घेऊन परतली. आमच्याकडं समाचाराला आलेलं माणूस राम राम करत नाही, बोलत नाही. येतं आणि बसतं. दोघं गाडीच्या पुढ्यात बसली. मग कमलेश आला, तो बसला. नागली वाळत घालत होत्या त्या बायका काम टाकून आल्या, त्याही बसल्या. साडेअकरापर्यंत माझ्या पायांभोवती पंधरा माणसांचा दुखवटा जमला होता. कुणीतरी बशीत चहा ओतून बशी आत सरकवली. झोपून बशीतला चहा कसा प्यायचा? तो माझ्या दंडाजवळ निवत राहिला.

दोनदा मी सांगायचा प्रयत्न केला, की मी ठीक आहे. दोन्ही वेळा बायका म्हणाल्या, की सगळे असंच म्हणतात.

मग ढवळूकाका माझ्या तळपायांशी बोलायला लागले. तुझा बाप असाच पडायचा, म्हणाले. मी हितं बसायचो. दोघं काय बोलायचो नाय. दुपार व्हायची. ‘‘आता रविवारचा मी कुठं जाऊन बसू, सांग.’’

माझ्या कानात काहीतरी ओघळलं. ऑइल असणार, म्हणून मी बोल्ट चाचपून पाहिला. कोरडा होता.

आणि बरोब्बर बाराला तुळशी आला. अंगणभर माणसं, सगळी गप्प, मध्ये बहिणीचे पाय. मावशीनं त्याला काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. पण तो मटकन बसला. भावेशनं टोपी काढली आणि तोही बसला. थोड्या वेळानं म्हणाला, की मयत माणसाशी ओळख नव्हती, पण गाडी बघून वाटतं की माणूस चांगला असणार.

तुळशी नाक ओढत म्हणाला, ‘‘ताई, गाडी नाही विकणार. तुझीच आहे. बाहेर ये आता.’’

मी जिंकले होते. आणि बाहेर येऊ शकत नव्हते! पाठीचं नाव काढलं असतं तर सगळं मुसळ केरात.

तेव्हा रामीमावशी ठामपणे म्हणाली, की दुखवट्यातल्या माणसानं आपण होऊन उठायचं नसतं. चौघांनी पोत्यासकट ओढून, उचलून घरात न्यायचं असतं. जुनी रीत आहे. छप्पन्न वर्षं मी या पाड्यात आहे, ही रीत कधी ऐकली नव्हती. चौघांनी मला फळीसारखं नेऊन खाटेवर ठेवलं. दार लोटून मावशी पाठीला गरम फडकं लावायला बसली. ही रीत कधीपासूनची, मी विचारलं.

‘‘आजपासूनची,’’ ती म्हणाली. ‘‘रडणाऱ्याचे पाय हालतात. तुझे खुंट्यावानी होते.’’

मी हसणार, एवढ्यात बाहेर गाडी सुरू झाली. भावेशनं म्हणे सुचवलं, आवाज तरी ऐकू या. तुळशी चावी फिरवून मोकळा झाला होता. काय आवाज होता! मी डोळे मिटले. आणि मग आठवलं, की त्या इंजिनात ऑइलचा एक थेंब नाही. होतं ते सगळं घमेल्यात आहे.

खाटेवरून कशी उठले ते मला सांगता येणार नाही. पंधरा माणसांनी एवढंच पाहिलं, की दुःखानं खचलेली बाई अनवाणी धावत आली, रडणाऱ्या भावाला बाजूला ढकललं, गाडी बंद केली आणि त्याला जे बोलली ते ग्रंथपालाच्या तोंडी शोभणारं नव्हतं. इंजिन वाचलं. मी मात्र तिथंच स्टिअरिंग धरून अडकले.

तुळशीनं माझ्या पाठीकडं पाहिलं. घमेल्याकडं पाहिलं. त्याला सगळं समजलं. मग तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, ‘‘तुझ्या पाठीचं मी कुणाला सांगणार नाही, मी बिनऑइलची गाडी सुरू केली हे तू सांगू नकोस.’’ बाबांच्या अंगणात यांतला कुठला गुन्हा मोठा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडी राहिली.

तो शब्द मी आजवर पाळला आहे. इथं लिहायला हरकत नाही, तुळशी काहीच वाचत नाही.